एकाच बाजूचे आंतरकोन

रंजीतानं पळीभर वरण बाबांच्या भातावर वाढलं, आणि ते भातावरून उतरून ताटाच्या पूर्वेकडच्या काठाशी जाऊन थांबलं. वरण पातळ होतं हे खरंच. सकाळी घाईत तिच्या हातून पाणी जास्त पडलं होतं, आणि पातळ वरण वाहणारच. पण वाहायचं तर त्यानं भाताच्या चारी अंगांनी वाहायला हवं होतं. हे सगळं मिळून एकाच अंगाला गेलं. पश्चिमेकडचा ताटाचा तळ कोरडा राहिला, नुकता घासल्यासारखा चकचकीत, आणि पूर्वेकडे काठाला लागून बोटभर पिवळं साचलं. तिनं ताट अर्धं फिरवलं. वरण भाताला वळसा घालून परत पूर्वेला आलं. समोर मांडी घालून बसलेल्या बाबांनी, म्हणजे खाणीतून निवृत्त होऊन जमाना झालेल्या लहानूभाऊंनी, ताट आपल्याकडे ओढून घेतलं, बोटांनी भाताची एक लांबट वळी केली, वरण अडेल अशी आडवी घातली आणि जेवायला लागले. सावली तालुक्याकडचा माणूस, धानाच्या बांध्यांत वाढलेला. बांध घालणं त्यांच्या बोटांत होतंच. पण ताटाकडे न बघता, ज्या सराईतपणे त्यांनी तो घातला, तो सराईतपणा एका दिवसाचा नव्हता. रंजीता पळी हातात धरून तशीच बसून राहिली.

दर रविवारी ती चंद्रपूरच्या दुसऱ्या टोकाहून ऑटोनं इथं यायची, डबा घेऊन. बाकीचा आठवडाभर ती नववी-दहावीला भूमिती शिकवायची, आणि पोरांमध्ये तिचा जो दरारा होता तो ओरडण्याचा नव्हता, खडूचा होता. फळ्यावर नुसत्या हातानं काढलेली तिची रेघ पट्टीनं काढल्यासारखी यायची. अशा बाईला एका ताटातल्या वरणानं घाबरवावं याचं तिला स्वतःलाच हसू आलं. तिनं शहाण्या माणसासारखी कारणं शोधली. ताटाचं बूड पोचलं असेल. फरशीला उतार असेल. उतार असतोच, घर धुतलं की पाणी मोरीकडे जावं म्हणून बाबांनीच तो ठेवला होता. पण मोरी उत्तरेला होती. तिनं पेला उचलला आणि चुकून सांडावं तसं पाणी सांडलं, मुद्दाम. पाणी जरा थबकलं, मग मोरीचा रस्ता सोडून फरशीच्या सांध्यासांध्यानं पूर्वेच्या भिंतीकडे गेलं आणि भिंतीच्या पायथ्याशी लांबच लांब पसरून राहिलं. राहू दे, मी पुसतो मंग, असं बाबा म्हणाले. ती उठून आतल्या खोलीत गेली. माठाखालच्या ताटलीत झिरपलेलं पाणी होतं, तेही पूर्वेच्या काठाला टेकलेलं. भिंती कोऱ्या होत्या. कुठं तडा नाही, पोपडा नाही, दाराच्या आलापल्ली सागवानाच्या जुन्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघायची तशी केसाएवढी चीरसुद्धा नाही. घर अगदी धडधाकट होतं आणि सगळंच्या सगळं एका अंगावर झुकलं होतं.

खाली खाण होती. ती बंद होऊन वर्षं लोटली होती, पण खाण बंद झाली म्हणून पोकळी काही भरून येत नाही. कोळसा काढलेल्या जागी वाळू भरली होती म्हणे. कुठवर भरली, कशी बसली, हे आता कुणी सांगत नव्हतं. यंदा पाऊस सरता सरता गल्लीत जमीन बसायला लागली. आधी कोपऱ्यावरच्या गोकुळाबाईच्या चुलीपाशी फरशी खचली. तलावातली मासोळी आणून बाजारात विकणारी ही बाई टोपली तशीच टाकून बाहेर धावली आणि मग दिवसभर लोकांना घरात बोलावून दाखवत राहिली की बघा, सकाळी बोट जात होतं, आता मूठ जाते. मग एकेका घराला तडे दिसू लागले. सरकारी माणसं आली आणि तडा दिसेल त्या घरावर लाल रंगाची फुली मारत गेली. गल्लीच्या टोकाच्या विहारात सभा झाली, फुलीवाल्यांना गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत खोल्या मिळतील असं ठरलं, आणि सामानाचे टेम्पो लागू लागले. लहानूभाऊंच्या घरावर फुली मारायला मात्र कुणाला जागाच सापडेना. त्यांनी ते बांधलंच तसं होतं. खालचं पोकळ ज्यानं आपल्या हातांनी केलं, तो वर घर बांधताना साध्या दगडी पायावर थोडाच भागवतो? त्यांनी चारी भिंतींच्या खालून जाड लोखंड घालून सिमेंटचा पट्टा फिरवला होता, आणि तेव्हा सगळी गल्ली त्यांना हसली होती. फुल्या मारणाऱ्या साहेबानं त्या पट्ट्यावर बूट आपटून पाहिला. घर तर मजबूत आहे, तो म्हणाला, पण ओळीतच येतं. तेव्हा नाव घालायचं की नाही ते तुम्हीच सांगा. लहानूभाऊ म्हणाले, माही पोरगी गणिताची मास्तरीण आहे, ते सांगल तसं करू.

आणि मागच्या एका रविवारी पोरगी आली होती. कात्री, पट्टी आणि जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा घेऊन आली होती. काय करायचं ते तिचं ऑटोतच ठरलं होतं. पूर्वेची भिंत ही एक रेषा, पश्चिमेची दुसरी, आणि दोघींना गाठणारी फरशीच्या सांध्याची रेघ ही छेदिका. छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोन भरली, तर त्या रेषा समांतर. नववीच्या पुस्तकातली आंतरकोन कसोटी. तिनं गुडघे टेकून पूर्वेच्या कोपऱ्यात पुठ्ठा बसवला, भिंतीला आणि फरशीला एकदम घासून बसेल असा कापत कापत नेला. मग पश्चिमेच्या कोपऱ्यात दुसरा. दोन्ही तुकड्यांच्या उभ्या कडा तिनं एकमेकींना भिडवल्या आणि खालच्या कडांना पट्टी लावली. पट्टी आणि पुठ्ठा यांच्यामधून केससुद्धा गेला नसता. दोन कोन मिळून एक सरळ रेघ झाली होती. आतल्या खोलीतही तेच आलं. बाबा खाटेवर बसून बघत होते, खोकत होते, मधूनच वाकून पुठ्ठ्याची कातरणं गोळा करत होते. भिंती समांतर आहेत बाबा, ती म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप शाळेतला झाला. एक जरी भिंत हलली असती तर बेरीज चुकली असती. घर जागचं हललेलं नाही. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबाला सांगितलं की माझं नाव घालू नका. नंतर टेम्पोत सामान चढवताना जो जो भेटला त्याला त्यांनी तेच सांगितलं, गोकुळाबाईलाही सांगितलं, की माझ्या पोरीनं सिद्ध करून दिलं आहे.

सिद्धतेत चूक नव्हती. आता माठाशी उभी राहून तिनं ती पायरी-पायरीनं तपासली, आणि कुठंच खोट सापडेना. भिंती खरंच समांतर होत्या. तेव्हाही होत्या, आजही असतील. दोघी एकमेकींशी समांतर राहून, फरशीला बरोबर घेऊन, एकत्र कलत होत्या. पुठ्ठ्यानं भिंतीबद्दल फरशीला विचारलं आणि फरशीबद्दल भिंतीला, आणि दोघींनी एकमेकींच्या बाजूनं साक्ष दिली. घराबाहेरच्या कुणाला तिनं विचारलंच नव्हतं. एक दोरा आणि त्याला बांधलेला एक दगड पुरला असता. तो तिला सुचला नाही, कारण तिच्या भूमितीत खाली नावाची दिशाच नव्हती. कागदावर खाली नसतं. दरवर्षी ती पोरांना सांगायची की वही आडवी धरा, तिरपी धरा, उलटी धरा, आकृती तीच राहते, कोन तेच राहतात. पोरं वह्या गरागरा फिरवून बघायची आणि हसायची, तीही हसायची. हे तिनं इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं, की जमिनीवर उभ्या असलेल्या घराची गोष्ट वेगळी असते हे तिच्या मनालाही शिवलं नाही. खाली तोल असतो, वजन असतं, खाली पोकळी असते, आणि त्या सगळ्याच्या वर एक म्हातारा माणूस खाट टाकून झोपलेला असतो. तिला घाम फुटला होता आणि पंखा बाहेरच्या खोलीत होता.

आणि ही भूमिती तिला पहिल्यांदा भेटली ती याच फरशीवर. शाळेत समांतर रेषा येण्याच्या कितीतरी आधी, बाबा पाळीवरून आले की ती त्यांच्यापुढे खडू घेऊन बसायची आणि ते फरशीवर खाण काढायचे. या दोन लांब रेघा म्हणजे गॅलरी, कोळशातून खोदत नेलेला रस्ता. तिच्या शेजारी ही दुसरी. मध्ये जो कोळसा सोडायचा तो पिलर. वरचं सगळं त्यानं तोलायचं. मोजणीवाला साहेब दुर्बीण लावून छताला चुन्याचे ठिपके देतो, त्या ठिपक्यांच्या मागं मागं खोदायचं, आपल्या मनानं डावं-उजवं करायचं नाही. कारण दोन गॅलऱ्या जरा जरी एकमेकींकडे वळल्या तर पुढं पुढं पिलर बारीक होत जातो. आणि मग, ती विचारायची. मग काही नाही, असं म्हणून बाबा एक आडवा रस्ता काढायचे, सगळ्या गॅलऱ्यांना कापत जाणारा. या आडव्या रस्त्यावरून साहेब कोन बघतो. पहिल्या गॅलरीशी जेवढा, दुसरीशी तेवढाच आला पाहिजे. तेवढाच आला की समजायचं, दोघी सरळ चालल्या आहेत. मग आई, अंजनाबाई, फरशी पुसायला यायची आणि अख्खी खाण पुसून टाकायची, आणि रंजीता भोकाड पसरायची. नववीत मास्तरांनी संगत कोन शिकवले तेव्हा अख्ख्या वर्गात तिला एकटीलाच ते ठाऊक होतं. धावत घरी येऊन तिनं ते सांगितलं. बाबा खूश होतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते हसल्यासारखं करून तोंड धुवायला गेले. त्या दिवसांत खाणीत पिलर परत खोदायचं काम निघालं होतं, मागं सरत सरत सोडलेला कोळसा काढायचा आणि त्या जागी वाळू भरायची, आणि बाबा त्याच पाळ्यांवर होते, हे तिला फार पुढं कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. ते काम त्यांनी फरशीवर कधी काढलं नाही.

गेल्या आठवड्यात तिनं वर्गातल्या साक्षी नावाच्या हुशार पोरीला फळ्यावर बोलावलं होतं. दिलेल्या कोनांवरून दोन रेषा समांतर आहेत असं दाखवायचं होतं. पोरीनं पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, सुंदर अक्षर होतं तिचं, आणि सिद्धतेत लिहिलं की रेषा समांतर आहेत म्हणून व्युत्क्रम कोन समान, आणि व्युत्क्रम कोन समान आहेत म्हणून रेषा समांतर. वर्गात कुणालाच त्यात काही वावगं दिसेना. तेव्हा रंजीतानं फळ्यावर दोन शब्द लिहिले, गुणधर्म आणि कसोटी. रेषा समांतर आहेत हे आधीच ठाऊक असेल, तर त्यावरून कोनांबद्दल बोलायचं, तो गुणधर्म. रेषांबद्दल काहीच ठाऊक नसेल तेव्हा कोनांना विचारायचं, ती कसोटी. जे सिद्ध करायचं तेच तू आधी धरून बसलीस, ती म्हणाली, आणि वर्ग खिदळला, साक्षी लालेलाल झाली. त्या पोरीचं ते लाल तोंड आता रंजीताला दिसत राहिलं. कारण पुठ्ठा घेऊन ती ऑटोत बसली होती तेव्हाच उत्तर काय यायला हवं हे ठरून गेलं होतं. भिंती समांतर निघायलाच हव्या होत्या. नाही निघाल्या तर बाबांना इथून हलवावं लागणार होतं. फुलीवाल्यांच्या वसाहतीत, गावाबाहेर, दम लागणाऱ्या माणसाला एकटं टाकता येणार नव्हतं. ती एकुलती एक, दुसरा कुणी भाऊ-बहीण नाही. आणि मग एकच घर उरत होतं. म्हणून दोन पुठ्ठे जुळल्यावर तिनं तिसरी गोष्ट बघितलीच नाही. कात्री पिशवीत टाकली आणि चहा ठेवला.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा अंकुश तहसील कचेरीत. माणूस वाईट नाही, आवाज चढवत नाही. मुलगी रिना डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते, तिला एक खोली लागते आणि शांतता लागते. आई गेली तेव्हा बाबा त्यांच्याकडे येऊन राहिले होते, बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. त्यांचा खोकला खाणीचा, खोलातून निघून यायला वेळ लागणारा, आणि तो येऊन जाईपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या जागी श्वास धरून पडलेलं असायचं. सकाळी सगळे उठायच्या आत ते आपला थुंकायचा डबा धुऊन पालथा घालून ठेवायचे. तरी न्हाणीघरात काळसर डाग राहायचाच, आणि रिना नाक दाबून आत जायची. पोरगी दुष्ट नव्हती, तिला शिसारी यायची. अंकुश एकदाच बोलला, तेही चहा पिता पिता, की बाबांचे हाल होतात हे जिने चढता-उतरताना. रंजीतानं ते वाक्य झेललं आणि जपून ठेवलं. बाबांच्या कानावर ते गेलं की नाही कोण जाणे. चार दिवसांनी ते म्हणाले की घर उघडं पडलं आहे, जातो. कुणी राहा म्हटलं नाही. तिनं त्यांची पिशवी भरून दिली, धोतराच्या, बंड्यांच्या नीट घड्या घालून, मध्ये औषधाच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून टॉवेल गुंडाळून. काळजी घेण्यात ती कधीच कमी पडली नव्हती.

बाहेर बाबांचं जेवण झालं होतं. ते खाटेवर टेकून छातीतली घरघर थांबायची वाट बघत होते. रंजीता पंख्याखाली येऊन उभी राहिली आणि तिची नजर उत्तरेच्या भिंतीवर गेली. तिथं आईचा फोटो होता, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, एका खिळ्याला दोरीनं टांगलेला. फोटो सरळ होता. भिंतीच्या कडेशी बरोबर सरळ. आणि तिला ते समजायला क्षण लागला, की हा सरळ असता कामा नये. दोरीला टांगलेल्या वस्तूला भिंतीशी काही देणंघेणं नसतं, ती फक्त खालच्या ओढीचं ऐकते. भिंत झुकली तर टांगलेला फोटो भिंतीवर वाकडा दिसायला हवा. ती जवळ गेली. चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला, बाजूनं, एक दुसरा खिळा होता. नवा, डोकं अजून चमकणारं, भोवती चुन्याचा बारीक भुगा. त्या खिळ्यानं फोटो आत ढकलून धरला होता. तिनं चौकट दोन्ही हातांनी धरून त्या खिळ्यावरून सोडवली. आई हळूच सरकली आणि तिरपी होऊन थांबली. त्या घरात तेवढी एकच वस्तू सरळ होती.

"हा खिळा कधी ठोकला तुमी?" तिनं विचारलं. शाळेतला आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"झाले असन काही दिवस. तुही माय वाकडी दिसे."

"मी पुठ्ठा घेऊन आली, त्याच्या आधी का नंतर?"

बाबांनी टॉवेलनं बोटं पुसली, एकेक करून. "आधी," ते म्हणाले.

ती खाटेच्या काठावर बसली. म्हणजे ती गुडघ्यांवर बसून पुठ्ठा कापत होती तेव्हा त्यांना ठाऊक होतं. सगळं आयुष्य अंधारात छताला कान लावून काढलेला माणूस. छत बोलायला लागलं की कुठल्या अंगाला पळायचं हे ज्याला कुणी शिकवावं लागलं नाही, त्याला आपलं घर कलतं आहे हे कळायला दोरा लागला नसता. ते कातरणं गोळा करत होते, मान डोलावत होते, आणि त्यांना ठाऊक होतं. तिला पहिल्यांदा आला तो राग. मंग मले काऊन नाई सांगितलं, असं ती जवळजवळ ओरडलीच.

बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "तू इतकी मन लावून करून राह्यली होती. लहानपणी बसे तशी बसली होती, गुडघे टेकून. तुले जे पाह्यजे होतं ते निघालं, बेटा. मी काऊन मोडू?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला भांडता आलं असतं, निदान रडता तरी आलं असतं. त्यांनी ते साध्या आवाजात सांगितलं आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. तिला वाटलं, आपण कपडे घालून बसलो आहोत आणि समोरच्या माणसाला आपलं सगळं दिसतं आहे, आणि तो माणूस नजर दुसरीकडे वळवून बसला आहे. मग ती भराभर बोलायला लागली. उद्याच सुट्टी टाकते, ऑफिसात जाते, नाव घालायला लावते. ते म्हणाले, साहेब मधात येऊन गेला, खोल्या वाटून झाल्या, शेवटचं विचारायला आला होता तेव्हाही मी नाहीच म्हटलं. मग भाड्यानं खोली बघते, ती म्हणाली, तळमजल्याची, आमच्या घराजवळ, रोज येत जाईन. ते हसले. "एकटंच राहाचं असन त इथी काय अन् तिथी काय, रंजू," ते म्हणाले. आणि तिचा चेहरा बघून लगेच समजूत घालायला लागले, की घाबरू नको, घर काही एकदम पडत नाही, खाली पट्टा आहे. पण तो पट्टा होता म्हणूनच हे घर तडकत नव्हतं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनी तडकून तडकून माणसांना बाहेर काढलं. हे घर काही सांगणार नव्हतं, गेलंच तर सगळं मिळून एका दमात जाणार होतं. हे बाबांनाही कळत होतं, आणि तिला कळतं आहे हेही त्यांना कळत होतं, आणि तरी ते पट्ट्याचंच बोलत राहिले.

आता फक्त दोन शब्द उरले होते. चला माझ्याकडे. ऑटो बोलवायचा, पिशवी भरायची, औषधं घ्यायची, बस. तिला सोफा दिसला. सोफ्यापलीकडे रिनाच्या खोलीचं बंद दार दिसलं, दाराखालून येणारा दिव्याचा पट्टा दिसला. अंकुश काही म्हणणार नाही, नुसता चहाचा कप ठेवून उठेल, आणि त्या उठण्याचा आवाज तिला आत्ताच ऐकू आला. परीक्षा होईपर्यंत तरी, तिनं मनाशी म्हटलं, आणि परीक्षा होईपर्यंत तरी म्हणजे काय हे तिनं स्वतःला विचारलं नाही. बाबा तांब्या हातात धरून थांबले होते. प्यायचं होतं, पण पीत नव्हते. ते तिच्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. पण थांबले होते, आणि ते कशासाठी थांबले आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाहेर रिकाम्या गल्लीत कुणाचं तरी मागं राहिलेलं कुत्रं भुंकलं. तिनं तोंड उघडलं आणि ओठ कोरडे होते म्हणून पुन्हा मिटलं. मग बाबा पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं आणि तिची सुटका केली.

"निघ आता," ते म्हणाले. "मंग ऑटो भेटत नाई इकडं, लोकंच नाई राह्यले. रिनाची परीक्षा होऊ दे. मंग पाहू."

"हो," ती म्हणाली. "परीक्षा झाली की लगेच."

तिनं फरशी पुसली, भांडी घासली, औषधाच्या बाटल्या खाटेच्या उशाशी हाताला येतील अशा लावून ठेवल्या. पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. गल्लीत दोन्ही बाजूंना फुलीवाली घरं दारं-खिडक्या काढून नेलेली उभी होती. विहारापाशी एक ऑटो सवारी सोडून वळतच होता, तो मिळाला. मुख्य रस्ता लागला, दुकानं आली, माणसं आली, वारा लागला. आणि तिला हायसं वाटलं. छातीभर, अगदी स्पष्ट हायसं वाटलं. ते कुठून आलं हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि तरी ते घरी पोहोचेपर्यंत गेलं नाही.